बाबांच्या बंद पडलेल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या खोलीत चित्रकारांना छापू द्यायचंय. कसं जमवू?

छापखान्याची_लेक

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत आमच्या जुन्या वाड्यात तळमजल्याला बाबांनी ३४ वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, मंडळांच्या कापडी पिशव्या, मिठाईच्या खोक्यांवरची नावं. पत्रिका आता व्हॉट्सॲपवर जातात, कार्डं डिजिटलवाला अर्ध्या तासात हातात देतो. २०२२ च्या दिवाळीनंतर बाबांनी खोलीला कुलूप घातलं ते घातलंच. आत सगळं जागच्या जागी आहे. दोन टेबलं, साठेक लाकडी फ्रेमा, उजेडानं स्क्रीनवर चित्र उतरवायची एक्सपोझिंगची पेटी, वाळवणाची जाळीची रॅक, शाई ओढायच्या, फडक्यात गुंडाळलेल्या स्क्विजी. बाबा रोज सकाळी कुलूप ओढून बघतात आणि वर येतात.

माझा एक मित्र अभिनव कला महाविद्यालयात शिकला. मंडळांचे देखावे रंगवून पोट भरतो. गेल्या गणपतीनंतर एका रविवारी मी त्याला खोली उघडून दिली. नदीपात्रातल्या म्हशींचं त्यानं तीन रंगांत चित्र छापलं, २० प्रती. ओळखीपाळखीत ५०० रुपयांना एक अशा १३ गेल्या. तो म्हणाला, "देखाव्याचे पैसे मिळतात गं, पण माझं चित्र माझ्या नावानं कुणी घेतलं ते आज पहिल्यांदा." तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

त्याच्या एका सरांनी सांगितलं, की लॉस एंजेलिसमध्ये एका ख्रिस्ती साध्वीनं नेमकं हेच केलं, चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन चित्रकारांसाठी. मी शोधलं, थोडंफार वाचलं, पण ती जागा चालत कशी होती ते काही हाती लागलं नाही. पैसे कुठून यायचे? चित्रकार भाडं द्यायचे का? छापायचं कोण?

माझी एका सीएच्या ऑफिसात नोकरी आहे, संध्याकाळी सहापर्यंत. साठवलेले दीड लाख आहेत. ते बुडाले तर घरी सांगता येईल, पण कुणा चित्रकाराला आशा लावून अर्ध्यात सोडलं तर ते मला सहन होणार नाही. इथे कुणी अशा लोकांमध्ये वावरलंय का?


पर्वती_पायथा

चांगला विचार आहे. पण आधी भाडं सुटायला हवं. शनिवार-रविवार वर्कशॉप घ्या, माणशी १५०० घ्या, हौशी लोक येतात. चित्रकारांना टेबल तासावर द्या. आणि वाड्यात वर माणसं राहतात, तेव्हा थिनरवाली शाई बंद करून पाण्यातली वापरा, एक्झॉस्ट बसवा. रॅकवर ५० कागद ओले असताना त्या वासानं डोकं धरतं, हे मी तीन वर्षं सोसलंय.


दशभुजा_कोथरूड

अगं, तुझा प्रश्न दुपारी वाचला आणि कपाटातली वही काढून बसले. आता दिवेलागण झाली. लांबलचक लिहिणार आहे, सवडीनं वाच.

मी १९८१ ते २००९ लॉस एंजेलिसमध्ये होते. एका सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम. चित्रातलं मला काही कळत नव्हतं. आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आणि आजोबांचा फोटो, एवढंच. १९८३ ला दिवाळी तोंडावर आली आणि मला झेंडू हवा होता. गुलाब, कार्नेशन कुठेही मिळायचे, पण तोरणाला झेंडू कुठून आणायचा? लॅबमध्ये साफसफाई करणारी एक मेक्सिकन बाई म्हणाली, आमच्याकडे ये, या आठवड्यात आमच्याकडे नुसता झेंडूच आहे, मेलेल्यांचा सण आहे. तिच्याबरोबर ब्रुकलिन अव्हेन्यूला गेले. पुढे त्या रस्त्याला शेतमजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांचं नाव दिलं. एका मोठ्या जुन्या इमारतीत वेदी मांडली होती, पायऱ्यापायऱ्यांची, गौरीपुढच्या आराशीसारखी. गेलेल्या माणसांचे फोटो, मेणबत्त्या, पाव, फळं, पाण्याचा पेला. वर रंगीत पतंगी कागद कातरून केलेल्या पताका, आणि खाली झेंडूच झेंडू. सर्वपित्रीला आपण पान वाढतो ना, आजोबांना आवडायची म्हणून अळूची भाजी करतो, अगदी तसं. झेंडू मुळात मेक्सिकोचा, तिथून तो आपल्याकडे आला, हे मला त्या दिवशी समजलं. तोवर मी त्याला मंडईचाच समजत होते.

फुलं घ्यायला गेलेली मी, भिंतीवरचं एक चित्र घेऊन आले. स्क्रीन प्रिंट. ८० डॉलर. तेवढे जवळ नव्हते. चार हप्ते करू का विचारलं, तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही घरी येऊन एक वही केली. तीच आता समोर आहे. पहिली ओळ: "पहिला हप्ता २० डॉ. दिले." २६ वर्षांत त्या वहीत ४३ चित्रं झाली.

ही जागा म्हणजे सेल्फ हेल्प ग्राफिक्स. तुझ्या मित्राच्या सरांनी सांगितलेल्या त्या साध्वी म्हणजे सिस्टर कॅरन बोक्कालेरो. जन्म १९३३, ॲरिझोनात, इटालियन वंशाच्या घरात. पण वाढल्या पूर्व लॉस एंजेलिसमध्ये, मेक्सिकन शेजारात. फ्रान्सिस्कन पंथाच्या साध्वी, आणि शिकलेल्या छापकार. सिस्टर कोरिटा केंट म्हणून एक छापकार साध्वी होत्या, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या. साध्वी म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं त्यांच्यात काही नव्हतं. सतत सिगारेट, तोंडात शिव्या, कामाला सगळ्यांना जुंपणार. १९७० मध्ये कार्लोस बुएनो आणि अंतोनियो इबान्येझ या दोन तरुण मेक्सिकन चित्रकारांना आणि आणखी काहींना घेऊन त्यांनी एका गॅरेजमध्ये छापायला सुरुवात केली. गॅरेज हं. तुझी खोली त्याहून मोठी असेल. पुढे त्यांच्या पंथानं हातभार लावला, अनुदानं मिळाली, आणि मी पाहिलेली ती इमारत नावापुरत्या भाड्यावर मिळाली. पंथाची पुण्याई आणि वर्षानुवर्षं अनुदानाचे अर्ज भरण्याची चिकाटी, दोन्ही त्यामागे होतं.

हे सगळं का लागलं, ते सांगते. मेक्सिकन वंशाचे, पण अमेरिकेतच जन्मलेले-वाढलेले, ते चिकानो. १८४८ मध्ये युद्ध संपलं तेव्हा मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलुख अमेरिकेत गेला, तेव्हा त्यातली कितीतरी घराणी कुठेही न हलता परक्या देशात गेली. चिकानो हा शब्द आधी हिणवायला वापरत. साठच्या दशकात तरुण पोरांनी तोच उचलून कपाळावर लावला. १९६८ ला पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांमधून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, कारण त्यांना हातकामाच्या शिक्षणाकडेच ढकललं जात होतं. २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. त्यात त्यांचे पत्रकार रुबेन सालाझार पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्यानं मारले गेले. या चळवळीला पोस्टर लागायची. रात्रीत, स्वस्तात, शेकडो. म्हणून स्क्रीन. तुझे बाबा करत होते तेच तंत्र.

आणि संग्रहालयांची दारं बंद. १९७२ मध्ये आस्को नावाच्या चौघांच्या गटातल्या एकानं, हॅरी गाम्बोआनं, लॉस एंजेलिसच्या मोठ्या कला संग्रहालयात विचारलं, की इथे चिकानोंची चित्रं का नाहीत. उत्तर मिळालं त्याचा मतलब असा, की हे लोक चित्रं काढत नाहीत, टोळ्यांत जातात. त्याच रात्री हॅरी, ग्रॉन्क आणि विली हेरॉन यांनी संग्रहालयाच्या भिंतीवर स्प्रेनं आपली नावं लिहिली. चौथी, पॅटसी वाल्डेझ, सकाळी त्या नावांपाशी उभी राहिली आणि हॅरीनं तिचा फोटो काढला. मग संग्रहालयानं भिंत रंगवून टाकली. दोनच वर्षांनी, १९७४ ला, त्याच संग्रहालयात लोस फोर या चार चिकानो चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. कार्लोस अल्माराझ, फ्रँक रोमेरो, गिल्बर्ट लुहान, रोबेर्तो दे ला रोचा. तिथवर यायला किती जणांच्या हातांना शाई लागली असेल.

आता तुझा खरा प्रश्न. चित्रकार भाडं द्यायचे का? नाही. सिस्टरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲटेलिये नावाचा उपक्रम काढला. पहिल्या तुकडीत तो ग्रॉन्क होता. चित्रकाराला बोलवायचं, कागद-शाई-स्क्रीन जागेची, शेजारी कसलेला छापकार उभा. चित्रकार रंग वेगळे करायचा, एकेका रंगाला एक स्क्रीन, छापकार ओढायचा, दोघं मिळून शाई घोटायचे. आवृत्ती, म्हणजे एका चित्राच्या सगळ्या प्रती, तयार झाली की काही प्रती चित्रकाराच्या, काही जागेच्या. जागेच्या प्रती विकून पुढच्या चित्रकाराचा कागद. तासावर टेबल दिलं असतं तर ज्याच्या खिशात पैसे तोच छापू शकला असता, आणि त्यानं चुकायची भीती धरली असती. वरच्या उत्तरातला वर्कशॉपचा सल्ला चांगला आहे, तो घे, त्यातून वीजबिल सुटेल. चित्रकाराकडून मात्र घेऊ नकोस.

मी तिथे शनिवारी जायचे. ओल्या प्रतींमध्ये पातळ कागद घालायचा, मोजायच्या, डाग पडलेल्या बाजूला काढायच्या. लॅबमधला हात असल्यानं मला ते जमायचं. सिस्टरांशी माझं बोलणं दोन-चार वाक्यांपलीकडे कधी गेलं नाही. १९९७ च्या जूनमध्ये त्या अचानक गेल्या. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी माझ्या घरी, देवघराशेजारी, एका पाटावर झेंडू आणि एक सिगारेट ठेवली. नवऱ्यानं काही विचारलं नाही.

माझी मदत कसली, तर हप्त्यांची. पण वहीत एक गोष्ट दिसते ती तुला सांगावीशी वाटते. एका तरुण चित्रकर्तीचं नाव सात वर्षांत पाच वेळा आहे. दुसरं चित्र घेतलं ते मला फारसं आवडलं नव्हतं. तिला त्या वेळी गरज आहे असं ऐकलं म्हणून घेतलं. पाचवं चित्र पाहिलं आणि मी जिन्यातच बसले, इतकं ते जबरदस्त होतं. ते दुसरं चित्र कुणी घेतलं नसतं तर पाचवं झालं असतं की नाही, मला ठाऊक नाही. तेव्हापासून मी चित्राबरोबर चित्रकाराचं पुढचं वर्षही विकत घेतेय असं समजून घेत गेले. आवडलं तर घ्याच, पण ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं नावडतंही एखादं घ्या.

पुण्यात परतल्यावर मी एका कलादालनात ही चित्रं दाखवायला म्हणून गेले होते. तिथल्या माणसानं वरची दोन पाहिली, "पोस्टरं आहेत ही" म्हणाला आणि गुंडाळून परत दिली. गेली १४ वर्षं ती दिवाणाखाली आहेत. तुझा प्रश्न वाचून आज पहिल्यांदा बाहेर काढली.

शेवटचं एक. बाबांना पगार दे. थोडा असेल, पण दे. त्या जागेची खरी दौलत ते छापकार होते, ज्यांना अकरा रंग एकावर एक केसाइतकंही न हलता बसवता यायचे. तुझ्याकडे तो माणूस घरातच आहे आणि रोज कुलूप ओढून बघतोय.


जुनी_पोथी

दशभुजा ताई, मी पोथ्या आणि जुने कागद दुरुस्त करते. दिवाणाखालून काढलीत ते फार बरं केलंत. परत तिथे ठेवू नका. पुण्याच्या पावसाळ्यात जमिनीलगत ओल धरते, कसर लागते, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. सुरळी असेल तर हळूहळू उलगडा, एका दिवसात सपाट करायला जाऊ नका, जाड शाईला भेगा जातील. मध्ये आम्लरहित कागद, खाली-वर तसलाच पुठ्ठा, आणि जमिनीपासून दोन-तीन फूट उंच कप्पा, बाहेरच्या भिंतीला टेकलेला नको. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. लावायचीच तर उन्हाच्या भिंतीवर लावू नका, लाल आणि गुलाबी आधी उडतात.

छापखान्याची_लेक, कागद सुरुवातीपासूनच चांगला घे. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांचा कागद मिळतो. आधी एक-दोन ताव आणून शाई कशी बसते ते पाहा, खरखरीत बाजूला बारीक रेघ तुटते.


तासगावकर

४३ चित्रांत द्राक्षं किंवा बेदाण्यांवरचं काही आहे का? कधीतरी एक सांगाडा टोपी घालून द्राक्षांची पाटी धरलेला पाहिला होता, तो याच लोकांचा का?


दशभुजा_कोथरूड

हो, याच लोकांचा. एस्तेर हर्नांदेझ, १९८२. चित्राचं नाव सन मॅड. तिकडे बेदाण्याच्या एका प्रसिद्ध खोक्यावर हसरी मुलगी द्राक्षांची पाटी घेऊन उभी असते. एस्तेरनं तेच खोकं जसंच्या तसं घेतलं आणि मुलीच्या जागी हाडांचा सापळा काढला. खाली कीटकनाशकं, तणनाशकं, बुरशीनाशकं यांची नावं. ती स्वतः कॅलिफोर्नियाच्या द्राक्षपट्ट्यातल्या दिनुबा गावची, आईवडील शेतमजूर. गावच्या पाण्यात फवारणीची औषधं मुरल्याचं कळलं तेव्हा तिच्या मनात हे चित्र उगवलं. ते माझ्याकडे नाही. मी ते पाहिलं तेव्हा हप्त्यांत गुंतले होते आणि नंतर ते माझ्या आवाक्याबाहेर गेलं. वहीत त्या पानावर फक्त नाव लिहिलंय.


तासगावकर

आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीपासून फवारणी सुरू होते ती माल उतरेपर्यंत. माझे चुलते २२ वर्षं टाकी पाठीला लावून फिरले. हातमोजे कधी घातले नाहीत, कारण घरात ते कुणी आणून दिलेच नाहीत. हे चित्र मी आमच्या बेदाणा शेडच्या दारावर लावेन. छापखान्याची_लेक, तुझी खोली सुरू झाली की तासगावच्या शेडवर काढणारा चित्रकार मी पाठवतो. तो माझ्या चुलत्यांचाच मुलगा आहे, सध्या दुकानांच्या पाट्या रंगवतो.


कसबा_१८

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मला हे टोचतंय. १९७२ मध्ये तिकडे भिंतीवर नावं लिहिली गेली, त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार. त्या काळात पुण्या-मुंबईत किती पत्रकं, किती हातानं छापलेली पोस्टरं निघाली असतील! लिटल मॅगझिनची मुखपृष्ठं, सभांच्या पाट्या. माझ्या वडिलांनी स्वतः रात्री स्टेन्सिल कापलेली मला आठवतायत. आमच्या घरी त्यातलं एकही शिल्लक नाही. पुरात ओली झाली, रद्दीत गेली. लॉस एंजेलिसची ४३ चित्रं पुण्यात जपली जातात आणि भवानी पेठेतलं एक पोस्टर जपलं जात नाही, याचं काय करायचं?


दशभुजा_कोथरूड

तुम्हाला टोचलं ते योग्यच आहे. रात्रभर डोक्यात होतं, म्हणून सकाळी लिहितेय.

मी २८ वर्षं इथे नव्हते, आणि असते तरी ते पोस्टर जपलं असतं का? प्रामाणिकपणे सांगते, नसतं. मी सदाशिव पेठेत वाढले. त्या सभा आमच्या गल्लीपासून दोन मैलांवर व्हायच्या आणि आमच्या घरात त्यांचा विषयही निघत नसे. माणसाचं चित्र त्याच्या दारात जाऊन बघायचं असतं, हे मला परक्या देशात, एका परक्या बाईनं झेंडूसाठी हात धरून नेल्यावर कळलं.

तिकडे जपलं गेलं तेही आपोआप नाही. सेल्फ हेल्पची कागदपत्रं आणि प्रती सांता बार्बराच्या विद्यापीठात गेल्या, कारण कुणीतरी खोकी भरली. तोमास इबारा-फ्राउस्तो म्हणून अभ्यासक आहेत, त्यांनी आयुष्यभर पत्रकं, निमंत्रणं, जाहिरातींचे कपटे साठवले आणि अमेरिकन कला अभिलेखागाराला दिले. त्यांनीच रास्क्वाचे या शब्दाला मान मिळवून दिला. गरिबाघरचं, ठिगळाठिगळांचं, हाताशी असेल त्यातून उभं केलेलं सौंदर्य. मी आईच्या गोधडीवरून तो शब्द समजून घेतला. चीच मरिन नावाचा विनोदी नट आहे. त्यानं १९८० च्या दशकापासून चिकानो चित्रं विकत घेतली, गावोगावच्या संग्रहालयांत फिरवली, आणि २०२२ मध्ये रिव्हरसाइडला जुन्या वाचनालयाच्या इमारतीत त्यांच्यासाठी एक अख्खं केंद्र उघडलं. त्याच्याकडे नटाचं उत्पन्न होतं, इबारा-फ्राउस्तोंकडे नोकरीचा पगार. दोघांनीही टाकून दिलं नाही.

आणि जागा मात्र कुणाचीच पक्की नसते. सेल्फ हेल्पची ती इमारत २००८ मध्ये विकली गेली. ३० वर्षांच्या आसपासचं काम, भिंतीवर एदुआर्दो ओरोपेझानं फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेली नक्षी, सगळं मागे सोडून २०११ ला ते बॉइल हाइट्समध्ये गेले. छापणं चालू राहिलं.

वडील आहेत का तुमचे? असतील तर त्यांना त्या स्टेन्सिल पुन्हा कापायला लावा. हात विसरत नाही. भवानी पेठेत, गंज पेठेत कुणाच्या माळ्यावर एखादी प्रत असेलच. ती मिळाली तर माझ्या ४३ चित्रांतली कुठली विकायची ते मी ठरवते. त्या पैशांत जुनी_पोथी ताईंकडून ती दुरुस्त करून घेऊ. हे मी नुसतं बोलण्यापुरतं म्हणत नाही.


कसबा_१८

वडील आहेत. ८१ वर्षांचे. त्यांना वाचून दाखवलं. "ब्लेड आण" म्हणाले.


सदाशिव_भिशी

आमची बायकांची भिशी १९ वर्षं चालू आहे, त्यावरून सुचलं ते लिहिते. चित्रांची भिशी का करू नये? २० जण, महिना ७०० रुपये, म्हणजे १४,००० जमले. दर महिन्याला एक चित्रकार. आवृत्ती ५० ची. भिशीच्या प्रत्येकाला एक प्रत, म्हणजे २० गेल्या. उरलेल्या ३० मधल्या १५ चित्रकाराच्या, १५ खोलीच्या. वर्षाअखेर माझ्या घरात १२ चित्रं. कुठलं आवडेल, कुठलं नाही आवडणार, पण ताई म्हणतात तसं पुढचं वर्षही घेतलं जाईल. मी नाव देते. माझ्या भिशीतल्या आणखी चौघी तयार आहेत. एकच अट, चित्र कोण काढणार ते आम्ही ठरवणार नाही, नाहीतर १२ महिने गणपतीच येतील.


छापखान्याची_लेक

मी काल रात्री हिशोब मांडला. हातकागदाचे ६० ताव, सरासरी ७० रुपये धरून ४२००. पाच स्क्रीनचं बोल्टिंग म्हणजे जाळीचं कापड, त्यावर लावायचं इमल्शन, चित्राच्या पॉझिटिव्ह फिल्मा मिळून २०००. शाई १८००. झाले ८०००. उरलेले ६००० चित्रकाराच्या हातात, काम सुरू करायच्या दिवशीच. खोलीच्या १५ प्रतींतून बाबांचा पगार आणि वीज. एखाद्या महिन्यात प्रती नाही विकल्या तर माझे दीड लाख आहेत, त्यातून बाबांचे पैसे जातील. चित्रकाराचे कधी थांबणार नाहीत. पर्वती_पायथा, पाण्यातली शाई आणि एक्झॉस्ट नक्की. भिशीला आत्तापर्यंत १४ नावं आली. पहिला महिना नदीपात्रातल्या म्हशींवाल्याचा, दुसरा तासगावचा.

आता रविवारचं सांगते. मी बाबांना घेऊन दशभुजा ताईंकडे गेले. ताईंनी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून चित्रं मांडली होती. बाबा यायलाच तयार नव्हते, आपल्याला चित्रातलं काय कळतं म्हणत होते. ताईंनी ते जिन्यात बसायला लावणारं पाचवं चित्र पुढे केलं. रात्रीचं शहर, एका खिडकीत उजेड, आणि खाली भिंतीला टेकून एक म्हातारी. बाबांनी चष्मा काढला, खिशातून भिंग काढलं. ते भिंग त्यांनी आजही खिशात ठेवलंय हे मला माहीत नव्हतं. कागदाला हात न लावता वाकून बघत राहिले. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "अकरा स्क्रीन." ताईंनी वही उघडली. बाबांनी चित्र उजेडाकडे तिरकं धरायला सांगितलं, परत वाकले. "नाही. बारा. त्या खिडकीतला पिवळा दोनदा मारलाय, एकदा पातळ, एकदा घट्ट. माणूस शहाणा होता."

रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, बुधवार पेठेतल्या त्या दुकानात बोल्टिंग अजून मिळतं का, उद्या फोन करून बघ.